ढगांखालचा समुद्र कोण मोजणार?

तारली आणि बांगडा कोकणातल्या ताटात येतात ते प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या जिवावर. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम समुद्रातले वनस्पती प्लवक करतात. पण हे सूक्ष्म जीव कुठे, किती आणि केव्हा असतात, याचा हिशेब लावताना शास्त्रज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

१८८९ साली जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सन यांनी रेशमी जाळी घेऊन अटलांटिक पालथा घातला. मोकळ्या समुद्रात प्लवक सगळीकडे सारखेच पसरलेले असणार, तेव्हा थोड्या नमुन्यांवरून साऱ्या सागराचा अंदाज बांधता येईल, असं त्यांचं गृहीतक होतं. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी त्यावर कडाडून टीका केली. प्लवक विखुरलेल्या पुंजक्यांनी राहतात, हेच पुढे खरं ठरलं. किनाऱ्यालगत तर नदीचं पाणी, वारा आणि भरती-ओहोटी यांमुळे हे पुंजके रोज जमतात, रोज मोडतात.

यावर ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी तोड काढली. १९३१पासून त्यांचं यंत्र व्यापारी जहाजांमागे ओढलं जाऊ लागलं. आत रेशमाची पट्टी पुढे सरकत राहते आणि वाटेतले प्लवक तिच्यावर क्रमाने टिपले जातात. त्यामुळे एका ठिकाणाऐवजी सलग वाटेचा हिशेब हाती आला.

मात्र, अतिसूक्ष्म प्लवक जाळीतून बहुतांशी निसटतात. त्यांच्यासाठी बाटलीभर पाणीच आणावं लागतं. त्यात आयोडीनचं द्रावण टाकलं, की पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो, पेशी टिकतात आणि जड होऊन तळाशी बसू लागतात. दिवसभर पाणी निवळू द्यायचं आणि मग खालून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी ओळखून मोजायची. एका नमुन्यात अनेक तास जातात.

उपग्रहांनी हे काम सोपं केलं. भारताचा ओशनसॅट-१ १९९९ साली अवकाशात गेला, तो समुद्राच्या रंगावरून प्लवकांमधल्या हरितद्रव्याचा अंदाज घेण्यासाठीही. पण किनाऱ्याजवळचा गाळ या रंगाचा घोटाळा करतो आणि पावसाळ्यात ढगांपुढे उपग्रहाचं काही चालत नाही. नेमक्या याच काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल पाणी वर येतं, पोषकद्रव्यं मिळतात आणि प्लवक फोफावतात. ते मरून तळाशी कुजले, की या वर आलेल्या पाण्यात आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटतो. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर असल्याने हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. समुद्रशास्त्रज्ञ सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइडसुद्धा तयार होतो.

गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७पासून ठरलेल्या जागी नमुने घेण्याची मालिका सुरू केली. एका फेरीतून त्या दिवसाचा समुद्र कळतो. समुद्र बदलतो आहे का, हे कळायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

कोकणातल्या महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी अशा नोंदी ठेवण्याचं मनावर घ्यावं. सूक्ष्मदर्शक, आयोडीन आणि बाटल्या एवढ्या सामग्रीवर सुरुवात होऊ शकते. जागा एकच ठेवावी, दर महिन्याला नमुना घ्यावा आणि नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी. मधला खंड पुढे कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही.