टकटक हवी, विंडोजची कीही हवी

कीबोर्ड वाजला पाहिजे आणि त्यावर आजच्या सगळ्या कीज पाहिजेत. एवढ्या साध्या मागणीसाठी बाजार पालथा घालावा लागतो, कारण ‘जुन्यासारखा आवाज’ या नावाखाली निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात.

या आवाजाचं मूळ आयबीएमकडे. त्यांचा ‘मॉडेल एम’ १९८५ साली आला. १०१ कीज, दोन किलोच्या वर वजन. एका मित्राकडे तो अजून चालू अवस्थेत आहे. त्याची एक की वर ओढली, ती अलगद निघून आली. आत प्लास्टिकची नळी, नळीत उभी बारीक स्प्रिंग, तिच्या बुडाशी मागेपुढे डोलणारी छोटी हातोडी. फूटपट्टी दोन्ही टोकांनी दाबत गेलं की एका क्षणी ती फटकन वाकते, तसंच इथे घडतं. स्प्रिंग दबत जाते, अचानक कुशीवर वळते आणि नळीच्या भिंतीवर आपटते, तोच आवाज. त्याच झटक्यात हातोडी कलते, खालचा पातळ पडदा दाबला जातो आणि अक्षर उमटतं. म्हणजे आवाज आणि अक्षर एकाच हालचालीतून जन्मतात. बोट सोडलं की स्प्रिंग पुन्हा सरळ होते आणि दुसरा, जरा हलका ‘टक्’ येतो.

अडचण आहे ती आजच्या वापराची. विंडोजची की १९९४ साली आली, त्यामुळे मॉडेल एमवर ती नाही. मराठी-इंग्रजीत दिवसभर ये-जा करणाऱ्याला विंडोज-स्पेस लागतं, जुनी कॉपी केलेली वाक्यं काढायला विंडोज-व्ही लागतं. यावर उपाय आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’मधून कॅप्स लॉकला विंडोजच्या कामाला लावता येतं; मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत लिहिणाऱ्याचं कॅप्स लॉकवाचून काही अडत नाही. पण जुन्या पीएस-टू पिनेसाठी साधा जोड पुरत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. शिवाय आतला सांगाडा प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो आणि वयापरत्वे त्या तुटतात. जुना कीबोर्ड घेताना उचलून हलवावा; आत तुकडे खुळखुळले तर दुरुस्तीचा खर्च धरून चालावं.

नवा हवा असेल तर तीच यंत्रणा आजही अमेरिकेत बनते. केंटकीतल्या लेक्सिंग्टनचा आयबीएमचा हा व्यवसाय १९९१ मध्ये लेक्समार्ककडे आणि १९९६ मध्ये युनिकॉम्पकडे गेला. युनिकॉम्पच्या कीबोर्डला यूएसबी आहे, विंडोजची कीही आहे. मात्र इथे मागवायचा तर वजनामुळे पाठवणीचा खर्च आणि वर सीमाशुल्क.

म्हणून पावलं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे वळली. “गेमिंगला पाहिजे का, साहेब?” हा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर रंगीत दिवेवाला खोका बाजूला झाला. त्यावर ‘मेकॅनिकल फील’ लिहिलं होतं. असल्या खोक्यात बहुधा रबराचे घुमटच असतात. मग निघाला टीव्हीएसचा ‘गोल्ड’. बँकेच्या काउंटरपलीकडून आणि सरकारी कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं ऐकलेली टकटक बहुतेकदा याचीच. पूर्ण आकार, विंडोजची की, ₹ चिन्हसुद्धा.

याची ख्याती चेरी कंपनीच्या निळ्या स्विचमुळे झाली, आणि त्या स्विचची रचना निराळी आहे. की साधारण दोन मिलिमीटर खाली गेली की आतला सुटा पांढरा तुकडा खाली आदळून ‘टिक्’ करतो. अक्षर उमटवणारा धातूचा संपर्क वेगळा असतो. दोन्ही घटना लागोपाठ होतात, पण एकच नसतात. म्हणून हा आवाज बारीक आणि टोकदार, तर स्प्रिंगचा भरीव आणि धातूचा.

दुकानातच ‘स्वच्छ’ टाइप करून पाहिलं. इनस्क्रिप्टमध्ये स, हलन्त, व, च, हलन्त, छ आणि त्या छसाठी शिफ्ट. दोन अक्षरांच्या शब्दाला सात टिचक्या. मराठीत लिहिणाऱ्याचा आवाज इंग्रजीपेक्षा दाट पडतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

माझा कौल असा: रोजच्या कामाला निळ्या स्विचचा कीबोर्ड पुरेसा आहे. कीज मळल्या, झिजल्या तर स्विचच्या अधिक-चिन्हाच्या दांड्यावर बसणाऱ्या नव्या सहज मिळतात, अगदी जुन्या करड्या-पिवळसर रंगातही. स्प्रिंगचाच नाद लागला असेल, तर मात्र युनिकॉम्पला पर्याय शोधत बसू नका. बाहेरून मॉडेल एमसारखा दिसणारा प्रत्येक कीबोर्ड आतून तसा नसतो. किंमत, रंग, दिवे मागाहून बघा. आधी दुकानदाराकडून चिमटा मागून एक की उपटा आणि आत काय आहे ते पाहा.