उजनीच्या काठावर गरुडाची वाट पाहताना

गरुड म्हटले की डोळ्यांपुढे डोंगरकडा येतो. पण पुणे-सोलापूर मार्गावर भिगवणला उतरून थंडीत पहाटे कुंभारगावच्या काठावर जावे. पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या वाळक्या बाभळीवर तो बसलेला दिसतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, गावे-शेते पाण्याखाली गेली. त्या पाण्यात मासे वाढले आणि माशांमागे पक्षी आले.

आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून एक जुना डिजिटल कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स घेतली. (घरी काय ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही!) पहिल्या खेपेला होडीवाल्या मामांनी माशांची घाण पाण्यात टाकली. घारींची झुंबड उडाली आणि आम्ही शंभरावर फोटो काढले. मग बाभळीवर मासा खात बसलेला एक ऑस्प्रे दिसला. "मामा, अजून जवळ घ्या," असा आम्ही हट्ट धरला. होडी जवळ जाताच तो उडाला आणि अर्धा खाल्लेला मासा पाण्यात पडला. घरी फोटो पाहून आमच्यातील एकाच्या मुलीने विचारले, "मासे त्यांनी धरले, का तुम्ही टाकले?" उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या खेपेला मामांना सांगितले, "आज मासे टाकायचे नाहीत, जवळही जायचे नाही. भाडे पूर्ण देऊ." मामा हसले. "बसून ऱ्हायचं पैसं देता व्हय?"

ऑस्प्रेला शास्त्रज्ञ खऱ्या गरुडांत धरत नाहीत, त्याचे कुळ वेगळे आहे. पण मासा धरावा तर त्यानेच. हवेत एका जागी पंख मारीत तो खाली पाहतो आणि पाय पुढे करून पाण्यावर कोसळतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते, तळव्यांना काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासाही सुटत नाही. नेताना माशाचे तोंड पुढे ठेवतो, म्हणजे वारा कमी लागतो. याच पाण्यावर हिवाळ्यात ठिपक्यांचा मोठा गरुडही येतो. त्याच्यात व घारीत गोंधळ होतो, तेव्हा शेपटी पाहावी: घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते.

अनुभवाने कळले ते असे. सूर्य आपल्या पाठीशी हवा. वाराही पाठीमागून असला तर उत्तम, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणजे आपल्याच दिशेने येतो. उडण्यापूर्वी तो बहुधा पुढे झुकून विष्ठा टाकतो, तेव्हाच बोट बटणावर ठेवावे. वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा ठेवावा. होडी थांबवून इंजिन बंद करावे. घरट्याचे फोटो तर काढूच नयेत.

आम्ही अडीच तास बसलो. डबे उघडले, चहा संपला, पाय आखडले. एकदा झडप हुकली. दुसऱ्यांदा तो आमच्यापासून बराच दूर पडला आणि मासा घेऊन वर आला. आम्हाला तीनच फोटो मिळाले. दोन हललेले आहेत. तिसऱ्यात पक्षी लहान दिसतो, पण पंखांवरून गळणारे पाणी स्पष्ट आहे.

मामांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "याची एक कापी मला द्या." पुढच्या खेपेला मोठी करून नेणार आहोत.