फॅटी लिव्हर आणि वनस्पतींचे अर्क: कितपत उपयोगी, कितपत सुरक्षित?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असे लिहून आले की बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. "डॉक्टर, हे गंभीर आहे का?" आणि "यावर एखादे झाडपाल्याचे औषध चालेल का?" पुष्कळदा दुसरा प्रश्न विचारायच्या आधीच कॅप्सूल सुरू झालेल्या असतात. म्हणून या विषयाची नीट माहिती असायला हवी.

फॅटी लिव्हर म्हणजे काय?

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि दारू ही त्याची मुख्य कारणे आहेत. अनेकांचा आजार या टप्प्यावरच थांबतो. काहींच्या यकृताला मात्र सूज येते आणि जखमेचा वण राहावा तसे कडक तंतू तयार होतात. याला फायब्रोसिस म्हणतात. ते वाढत गेले तर शेवट सिरोसिसमध्ये होतो. म्हणजे धोका किती, हे चरबीपेक्षा फायब्रोसिसवर जास्त अवलंबून असते.

झाडपाल्यावर इतका विश्वास का बसतो?

आपल्याकडे काविळीवर झाडपाल्याचे औषध देणारे गावोगावी आहेत आणि त्यांच्याकडून बरे झालेले लोकही भेटतात. पण दूषित पाण्यातून होणारी 'हिपॅटायटिस ए'ची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. औषध घेतले आणि कावीळ गेली, एवढ्यावरून ती औषधानेच गेली असे ठरत नाही. फॅटी लिव्हरमध्येही एसजीपीटी आपोआप कमी-जास्त होत असते. त्यामुळे खरे औषध आणि तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी यांची तुलना केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

अभ्यासांतून काय दिसले?

*सिलिमरिन (मिल्क थिसल):* यकृताच्या 'टॉनिक'मध्ये हा अर्क सर्रास असतो. मलेशियातील एका अभ्यासात ९९ रुग्णांपैकी निम्म्यांना ४८ आठवडे सिलिमरिन आणि उरलेल्यांना बिनऔषधाची गोळी दिली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत सिलिमरिन गटातील सुमारे ३३ टक्के रुग्णांत ठरवलेली सुधारणा दिसली. बिनऔषधाच्या गटातही २६ टक्के रुग्ण सुधारले होते. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. फायब्रोसिसबाबत थोडी आशा दिसली, पण खात्रीसाठी मोठा अभ्यास हवा.

*बर्बेरिन:* हा घटक दारुहळदीत असतो. चीनमधील १८४ जणांच्या अभ्यासात आहार-व्यायामासोबत १६ आठवडे बर्बेरिन घेणाऱ्यांच्या यकृतातील चरबी जवळपास ५३ टक्क्यांनी घटली. नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांची ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे अर्काचा काही फायदा दिसला, पण मोठा वाटा आहार-व्यायामाचाच होता.

*कुर्क्युमिन (हळदीतील घटक):* लहान आणि थोड्या काळाच्या अभ्यासांत एसजीपीटी आणि चरबी काहीशी कमी झाली. फायब्रोसिस मागे हटतो, याचा भक्कम पुरावा नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक का?

नाही. भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. हळदीच्या पावडरीत साधारण ३ टक्के कुर्क्युमिन असते. ५०० मिलिग्रॅम कुर्क्युमिनची एक कॅप्सूल म्हणजे १५ ग्रॅमहून अधिक हळद झाली. तिचे शोषण वाढवण्यासाठी अनेकदा मिरीचा अर्कही घातलेला असतो. अशी उत्पादने घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत झाल्या आणि २०१९ मध्ये तेथे वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक करण्यात आले.

ग्रीन टीचा कप सहसा त्रास देत नाही. पण तिच्या अर्कातून ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले.

कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीची गल्लत झाली असावी, असे म्हटले. यातूनही रुग्णाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: पुडीत नेमके काय आहे, हे आपल्याला नुसत्या नजरेने कळत नाही.

मग नक्की काय करावे?

- वजन कमी करा. ५ टक्के वजन घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांनी सूज कमी होते आणि १० टक्के किंवा अधिक घटल्यास फायब्रोसिसही मागे हटू शकतो. ८० किलोच्या व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे फक्त ४ किलो.
- आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चाला. वजन लगेच घटले नाही तरी यकृताला फायदा होतो.
- साखर, कोल्ड्रिंक, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ कमी करा. दारू बंद करा.
- मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा.
- "मला फायब्रोसिस आहे का?" असे डॉक्टरांना विचारा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून 'फिब-४' हा अंक काढता येतो. गरज पडल्यास फायब्रोस्कॅन करतात.

अर्क घेतच असाल तर?

डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली किंवा पुडी सोबत आणा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आधी विचारा. गर्भवतींनी असे अर्क स्वतःहून घेऊ नयेत. फायदा होतो की नाही हे पाहण्यासाठी ठरलेली औषधे बंद करू नका.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काहीही दिसले तर अर्क लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

अर्कांवर संशोधन चालू आहे आणि उद्या त्यातून एखादे चांगले औषध निघूही शकेल. पण फक्त कॅप्सूलच्या भरवशावर वर्ष गेले, तर त्या वर्षात फायब्रोसिस पुढे सरकू शकतो. त्यामुळे वजन कमी करायला आणि चालायला आजपासूनच सुरुवात करा.