संगणकातील घातक आज्ञावलीची खबर कशी द्यावी

पिकावर अनोळखी कीड दिसली म्हणजे जाणता शेतकरी ती नुसती चिरडून मोकळा होत नाही. किडीसह पान कृषी संशोधन केंद्राकडे पाठवितो. विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे हिशेब आता संगणकावर चढू लागले आहेत व सभासदांची पीककर्जाची खाती त्यांत असतात. तेव्हा या यंत्रात शिरणाऱ्या घातक आज्ञावलीबाबतही हीच रीत संस्थांच्या सचिवांनी अंगी बाणविणे अगत्याचे आहे.

वेळीच दिलेल्या खबरीने काय साधते, हे २०२४ साली दिसून आले. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस प्रणालीच्या विकसकास आपल्या संगणकात दुरून प्रवेश घेताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. अर्धा सेकंद! पण त्यांनी मूळ शोधले, तो एक्सझेड या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती घालणारी 'जिया टॅन' नामक व्यक्ती दोन वर्षांहून अधिक काळ त्याच साधनाच्या कामात होती. कुंपणच शेत खात असता कुंपणाकडे तक्रार करून काय उपयोग? फ्रॉइंड यांनी खबर प्रथम डेबियन प्रणालीच्या सुरक्षा पथकास खाजगीत दिली व २९ मार्च २०२४ रोजी ती पुराव्यासह जाहीर केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरण्यापूर्वीच ती चोरवाट बंद झाली.

आपल्या यंत्रावर संशय येताच प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. संशयित फाइल उघडू नये, व घाईने पुसूनही टाकू नये. फाइलचे नाव, ती कोठून व केव्हा आली, प्रणालीची आवृत्ती आणि पडद्यावरील सूचनेचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. 'संगणक बिघडला आहे' एवढेच लिहिलेले पत्र 'पिकावर रोग पडला' या पत्राइतकेच निरुपयोगी होय. नमुना मागविल्यास तो परवलीचा शब्द घालून झिप फाइलमध्ये बांधावा. 'इन्फेक्टेड' हा शब्द त्यासाठी सर्वत्र रूढ आहे. विंडोज प्रणाली असल्यास मायक्रोसॉफ्ट आपल्या संकेतस्थळावर असे नमुने स्वीकारते. पेनड्राइव्हवरून शेजारच्या संस्थेत मात्र तो कदापि नेऊ नये.

हीच माहिती भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेसही कळवावी. खात्यातून रक्कम गेली असल्यास या सर्वांआधी १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.