दोन कनेक्शनं जोडली की वेग दुप्पट होतो?

हैदराबादेत घरून काम करणाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये दोन इंटरनेट कनेक्शनं असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दोन बिलं भरतोच आहोत, तर दोन्ही लाइनी जोडून वेग का वाढवू नये, असं वाटणं साहजिक आहे. त्याबद्दलचे हे काही समज.

गैरसमज : १०० एमबीपीएसच्या दोन लाइनी जोडल्या की २०० मिळतात.

वस्तुस्थिती : नेहमीच्या राउटरला एकच लाइन लागते. दोन लाइनी घेणारे टीपी-लिंक ईआर६०५ सारखे राउटर मिळतात. पण ते लाइनींची बेरीज करत नाहीत, कामाची वाटणी करतात. सुरू होणारं प्रत्येक डाउनलोड किंवा कॉल ते या नाहीतर त्या लाइनवर टाकतात, आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहतो. ब्राउझरमधून एकच मोठी फाइल उतरवून बघा : दुसरी लाइन रिकामी असली तरी वेग सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर जात नाही, कारण १०० एमबीपीएस म्हणजे तेवढंच. टॉरंटची फाइल मात्र अनेक ठिकाणांहून तुकड्यांनी येते, म्हणून तिथे दोन्ही लाइनी राबतात. घरात चार जण एकाच वेळी नेट वापरत असतील तर या वाटणीचा उपयोग होतो.

गैरसमज : स्पीडटेस्टवर १९० दिसलं, म्हणजे जमलं.

वस्तुस्थिती : स्पीडटेस्ट एका दमात अनेक जोडण्या उघडून मोजते, त्यामुळे तिथे बेरीज दिसते. व्हिडिओ कॉल एकाच लाइनवर चालतो आणि त्याला लागतात जेमतेम चार-पाच एमबीपीएस. कॉल अडखळतो तो बहुधा लाइन अस्थिर असल्यामुळे. नुसता वेग वाढवून ते दुखणं जात नाही.

गैरसमज : योग्य सॉफ्टवेअर टाकलं की खरी बेरीज होते.

वस्तुस्थिती : होते, पण त्यासाठी पलीकडच्या टोकालाही कोणीतरी लागतं. स्पीडिफायसारखी सेवा तुमचा डेटा तोडून दोन्ही लाइनींवरून आपल्या सर्व्हरकडे पाठवते, तिथे तो जुळवून पुढे धाडते. या वळशामुळे पिंग वाढतो, आणि एक लाइन मंद असली तर तिच्या तुकड्यांसाठी बाकीचे खोळंबतात. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ पासून सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी वापरायला सुरुवात केली, तीही वेगासाठी नव्हे. वाय-फाय गेलं तरी बोलणं मोबाइल डेटावर चालू राहावं म्हणून.

गैरसमज : दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या की नेट बंद पडणारच नाही.

वस्तुस्थिती : कंपन्या दोन असल्या तरी खांब एकच असू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूरला कृष्णाच्या मिरवणुकीत रथाला विजेचा धक्का बसला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर वीज कंपनीने खांबांवरच्या लोंबत्या केबली कापायला घेतल्या, शहरभर घरांतलं नेट गेलं आणि वाद तेलंगणा उच्च न्यायालयात पोचला. एकाच खांबावरून दोन्ही केबली आलेल्या घरात अशा वेळी दुसरं बिल फुकट जातं.

गैरसमज : एक लाइन गेली की राउटर लगेच दुसरीवर जातो.

वस्तुस्थिती : सेटिंग नीट असेल तरच. बाहेर केबल तुटली की फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागतो, पण डबा ते राउटर ही वायर शाबूत असते. राउटरला वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करून लाइन जिवंत आहे का, हे बघायला त्याला सांगावं लागतं. दोन लाइनींच्या वाटणीमुळे बँकेच्या साइटवरून मध्येच बाहेर फेकले जात असाल, तर एका साइटचं सगळं काम एकाच लाइनवर ठेवणारी सोयही चालू करा.

गैरसमज : नेट हळू आहे, म्हणजे लाइन कमी पडतेय.

वस्तुस्थिती : पुष्कळदा आडात पाणी भरपूर असतं, पोहराच लहान असतो. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात; दोन भिंतींपलीकडे वाय-फाय आणखी रोडावतं. लॅपटॉप गिगाबिट पोर्टला वायरने जोडून एकदा मोजा. खरंच वेग हवा असेल, तर ॲक्टने हैदराबादेत १ जीबीपीएसचं घरगुती कनेक्शन २०१७ मध्येच आणलं होतं. मोठ्या प्लॅनचं भाडं आणि दोन लहान प्लॅनची बेरीज शेजारी मांडून पाहा.

दुसरी लाइन घ्यायची ती नेट अडू नये म्हणून. पहिली फायबर असेल तर दुसरी जिओ एअरफायबरसारखी, टॉवरवरून येणारी असलेली बरी. सप्टेंबर २०२३ मध्ये ती ज्या आठ शहरांत सुरू झाली, त्यांत हैदराबादही होतं. डबे आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि दुसरी लाइनही फायबरचीच घेत असाल तर केबल कोणत्या खांबावरून येणार ते आधी विचारा, प्लॅनचं नंतर बघू.