हिंगण्याचा नकाशा, काशीचे मंदिर

वाराणसी कँट स्टेशनापासून जवळच, महात्मा गांधी काशी विद्यापीठाच्या आवारात भारतमाता मंदिर आहे. काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव आणि घाट करून गयेच्या गाडीत बसतो. या मंदिरापर्यंत फार थोडे पोचतात. जे पोचतात त्यांना तिथे मूर्ती दिसत नाही. कठड्याच्या आत, खाली जमिनीवर, मकराण्याच्या संगमरवरात कोरलेला हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा पसरलेला आहे. लांबी ३१ फूट २ इंच, रुंदी ३० फूट २ इंच. पर्वत वर आलेले, नद्यांची पात्रे कोरलेली, समुद्राचा तळ खोल गेलेला. हे मंदिर उभारणारे बाबू शिवप्रसाद गुप्त (१८८३–१९४४) काशीच्या एका सधन सावकार-जमीनदार घराण्यातले. शहराने त्यांची आठवण ठेवली आहे. कबीरचौऱ्यातल्या सरकारी रुग्णालयाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्याविषयी बोलताना ‘दानवीर’ हा शब्द हमखास येतो. शब्द खोटा नाही, पण अपुरा आहे. दानाने पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. शिवप्रसादांनी पैशाबरोबर कल्पनाही एका गावातून दुसऱ्या गावी नेल्या. चांगला माल कुठे पिकतो आणि त्याची गरज कुठे आहे, हे ओळखण्याची व्यापाऱ्याची नजर त्यांनी सार्वजनिक कामात वापरली. त्यांचे मोठेपण या नजरेत आहे, आणि त्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा काशी आणि पुणे या दोन गावांत विभागून ठेवलेला आहे.

डिसेंबर १९१३ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन कराचीला झाले. तिथून परतताना शिवप्रसाद मुंबईमार्गे पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम पाहायला गेले. १८९६ साली पुण्यात सुरू झालेला हा अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला होता. तिथे विधवा आणि मुली शिकत होत्या, आणि त्यांच्यासाठी मातीचा एक नकाशा जमिनीवर केलेला होता. त्यात डोंगर उंच होते, नद्या खोल होत्या. गावाबाहेरच्या माळावरची, अपुऱ्या पैशावर चाललेली शाळा. भूगोल शिकवायला महागडी साधने कुठून आणणार? पायाखालची माती होती, तिचाच देश केला. काशीच्या सावकाराने हा नकाशा पाहिला आणि तो त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे १९१४ मध्ये ते जगप्रवासाला निघाले, तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांना असेच उठावाचे नकाशे दिसले. मुळातली प्रेरणा मात्र पुण्याची, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या खिशात सगळे जग पाहण्याइतका पैसा होता, त्याने आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाचे श्रेय हिंगण्याच्या मातीला दिले, हे मला फार मोलाचे वाटते.

मिसर, इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, जपान अशा मुलुखांतून झालेला हा प्रवास पुढे ‘पृथ्वी प्रदक्षिणा’ या जाडजूड हिंदी ग्रंथात आला. जपानने मात्र पुण्याचे ऋण परत फेडले. टोकियोत नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका शिवप्रसादांनी कर्व्यांना पाठवली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरायच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले तेव्हा ही पुस्तिका त्यांच्या हाताशी होती. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली, आणि १९१६ च्या मध्यावर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विद्यार्थिनी घेऊन ते विद्यापीठ सुरूही झाले. आज एसएनडीटी म्हणून आपण ओळखतो ते हेच. कथा इथे संपत नाही. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, त्यांनी टोकियोचे तेच विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले आणि १९२० मध्ये कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी आपल्या आईच्या, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या, नावाने दिली. शिवप्रसादांनीही काशी विद्यापीठासाठी दहा लाखांचा निधी उभा केला तो आपल्या भावाच्या, हरप्रसादांच्या, नावाने. दोघेही प्रवासी, दोघेही व्यापारी घराण्यातले, आणि दोघांनाही देणगीवर स्वतःचे नाव नको होते. घरच्या माणसाची आठवण त्यांनी घराच्या भिंतीत न ठेवता शेकडो परक्या मुलामुलींच्या हवाली केली.

यावर कोणी म्हणेल की ती पुस्तिका आली नसती तरी कर्वे थांबले नसते. खरे आहे. विधवांच्या शिक्षणासाठी वीस वर्षे झिजलेल्या माणसाला दिशा दाखवायला काशीहून टपाल यावे लागत नाही. आक्षेप त्याहून पुढे जाऊ शकतो. एका ठिकाणची कल्पना दुसरीकडे नेण्यात स्वतःचे असे काय? माझे उत्तर असे की जगात कल्पनांची कमतरता क्वचितच असते. योग्य माणसापर्यंत योग्य वेळी त्या पोचत नाहीत, ही खरी अडचण असते. जपानची पुस्तिका शिवप्रसाद काशीच्या कुठल्याही प्रतिष्ठित माणसाला देऊ शकले असते. तिचे काय करायचे हे ज्याला कळेल असा माणूस पुण्यात आहे, हे त्यांनी दीड-दोन वर्षांपूर्वीच्या एका भेटीवरून ओळखले होते. आणि जी कल्पना स्वतः अमलात आणायची, ती त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. हिंगण्याचा नकाशा मातीचा होता आणि शिकवण्यासाठी होता. काशीत तो दगडाचा झाला, मापाचा झाला, आणि त्याला मंदिराचे छप्पर मिळाले.

या मापाकडे नीट पाहायला हवे, कारण मंदिराचा जीव त्यात आहे. काम १९१८ मध्ये सुरू झाले. कारागिरांचे प्रमुख दुर्गाप्रसाद. अकरा-अकरा इंचांच्या ७६२ फरशा आणि काही लहान तुकडे जोडून नकाशा तयार झाला आहे. आडवे प्रमाण एका इंचाला ६.४ मैल, म्हणजे एका फरशीत सुमारे सत्तर मैलांचा मुलूख मावतो. सरळ रेषेत मोजले तर मुंबई आणि पुणे यांच्यात बारा इंचही पडत नाहीत, आणि पुण्याहून काशीला जायला साधारण दहा फूट. उभे प्रमाण मात्र वेगळे धरले आहे: एका इंचाला दोन हजार फूट. त्या काळी मान्य असलेली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट, तेव्हा या हिशेबाने ते शिखर साडेचौदा इंच उभे राहते. आपले कळसूबाई ५,४०० फुटांचे. ते पावणेतीन इंचांच्या आसपास येते. आडवे आणि उभे प्रमाण एकच ठेवले असते तर एव्हरेस्ट इंचभरही झाले नसते आणि कळसूबाई जेमतेम चार मिलिमीटरचे. उंची सुमारे सतरापट वाढवलेली आहे. तरच कठड्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला दख्खनच्या पठाराची कड कोकणात कशी एकदम उतरते, गंगेचे मैदान हिमालयाच्या पायाशी किती सपाट आहे, आणि सिंधू-ब्रह्मपुत्रा पर्वतामागून वळसा घालून कशा येतात, हे एका नजरेत कळते. पुस्तकातल्या रंगीत नकाशात घाट म्हणजे तपकिरी पट्टा असतो. इथे त्याची सावली पडते.

सतरापट वाढवलेले डोंगर म्हणजे देशाची खोटी स्तुतीच नाही का, असे विचारता येईल. तसे वाटत नाही, कारण वाढ लपवलेली नाही. दोन्ही प्रमाणे ठरवलेली आहेत आणि सांगितलेली आहेत. मोठ्या मुलुखाचा लहान उठाव करताना उभे प्रमाण वाढवणे ही नकाशाकारांची मान्य रीत आहे. स्तुती बेहिशेबी असते. इथे प्रत्येक शिखराला हिशेब द्यावा लागला आहे. भक्तीचा विषय असलेली वस्तू कोणीही पट्टी घेऊन तपासू शकतो, असे दुसरे देऊळ मला माहीत नाही. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या खतावणी लिहिली गेली, तिथल्या माणसाला हे सुचले याचे नवल वाटू नये.

त्या काळाच्या संदर्भात हा निर्णय किती वेगळा होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. बंकिमचंद्रांची ‘आनंदमठ’ १८८२ ची, अवनींद्रनाथ ठाकुरांचे चतुर्भुज भारतमातेचे चित्र १९०५ चे. शिवप्रसादांनी मंदिर मनात आणले तेव्हा देशमातेला चेहरा, वस्त्र आणि हात मिळालेले होते. मूर्ती घडवणे सोपे होते, काशीत कारागीरही होते आणि भाविकही. पुढे १९८३ मध्ये हरिद्वारला उभ्या राहिलेल्या आठ मजली भारतमाता मंदिराने मूर्तीचाच मार्ग धरला. काशीच्या मंदिरात मात्र आईचे रूप म्हणजे तिची जमीन. याचा परिणाम साधा आणि मोठा आहे. मूर्तीपुढे कोण कसा हात जोडतो याला धर्म, जात, सोवळे-ओवळे येऊन चिकटते. सह्याद्री किंवा खैबर कुठल्या जातीचा हे कोणी विचारत नाही. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी गांधीजींनी उद्घाटन केले तेव्हा त्यांनी नेमका हाच मुद्दा पुढे ठेवला: इथे देवदेवतांच्या मूर्ती नाहीत, आणि हरिजनांसह सर्व जातिधर्मांच्या लोकांना हे एकत्र येण्याचे ठिकाण व्हावे. तेव्हा देशातल्या असंख्य देवळांची दारे दलितांना बंद होती. पुण्याच्या पर्वतीचा सत्याग्रह १९२९ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. त्या दशकात काशीसारख्या क्षेत्री सर्वांना खुले मंदिर उघडणे ही साधी गोष्ट नव्हती.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. या नकाशात माणसे नाहीत. पामीरपासून सिंहलद्वीपापर्यंत आणि हेरातपासून मौलमीनपर्यंत जमीन आहे, पण ती कसणारा शेतकरी नाही. आणि ज्या घराण्याच्या पैशातून हे संगमरवर आले ते जमीनदारीचेही होते. शिवाय १९४७ नंतर हा नकाशा कोणत्याच देशाचा राहिलेला नाही. शेवटच्या मुद्द्याला उत्तर सोपे आहे: दगडात कोरलेले डोंगर आणि नद्या आजही तिथेच आहेत. हा नकाशा भूगोल आणि त्या काळची मनोधारणा म्हणून वाचावा. त्यावरून आज कोणी शेजाऱ्यांच्या मुलुखावर हक्क सांगू लागला तर तो मंदिराचा अर्थ उलटा करत आहे. जमीनदारीच्या पैशाचा प्रश्न मात्र असा उत्तर देऊन मिटत नाही. तो डाग राहतो, आणि मंदिराची शोभा त्यावर उतारा नाही. पण नकाशात माणसे नाहीत म्हणून शिवप्रसादांना माणसे दिसत नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्यांची इतर कामे त्याच्या अगदी उलट साक्ष देतात.

५ सप्टेंबर १९२० रोजी त्यांच्या ज्ञानमंडळ या प्रकाशनसंस्थेतून ‘आज’ हे हिंदी दैनिक निघाले. त्याच्या आरंभीच्या संपादनात श्रीप्रकाश होते, जे पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल झाले. आणि ज्यांनी त्या पत्राला घडवले ते बाबूराव विष्णु पराडकर, काशीत जन्मलेले मराठी, ‘देशेर कथा’कार सखाराम गणेश देऊस्करांचे भाचे. बंगालमधल्या क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे सरकारने स्थानबद्ध केलेला हा माणूस सुटून आला आणि शिवप्रसादांनी त्याच्या हाती लेखणी दिली. पत्राचा मालक म्हणून किती जोखीम आहे हे त्यांना ठाऊक होते. पाठोपाठ १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते काशी विद्यापीठ सुरू झाले. असहकाराच्या काळात सरकारी कॉलेजे सोडलेल्या मुलांसाठी ते होते, हिंदीतून शिकवत होते, आणि सरकारचे अनुदान घेत नव्हते. लालबहादूर इथून ‘शास्त्री’ झाले. कर्व्यांचे विद्यापीठही देशी भाषांतून शिकवणारे आणि सरकारी मान्यतेवाचून वर्षानुवर्षे चाललेले. पुण्याचा नकाशा काशीला गेला आणि जपानची पुस्तिका पुण्याला आली, यापेक्षाही खोल नाते इथे आहे: परक्या सत्तेच्या शिक्क्यावाचून आपल्या भाषेत शिकता येते हा विश्वास दोन्ही गावांनी जवळजवळ एकाच वेळी धरला. कर्व्यांना १९४२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यानंतर दोन वर्षांनी शिवप्रसाद गेले.

शिवप्रसादांवर मराठीत फार लिहिले गेलेले नाही, आणि कर्व्यांच्या चरित्रात ते एका पुस्तिकेपुरते येतात. हे दुरुस्त करण्याजोगे आहे. काशीला जाणाऱ्यांनी निदान एक तास या मंदिरासाठी राखून ठेवावा. स्टेशनाजवळच असल्याने गाडीच्या आधी किंवा उतरल्यावर सहज होते. नकाशाच्या पश्चिमेच्या बाजूने उभे राहून सह्याद्री शोधावा, आणि बरोबर मुले असतील तर त्यांना सांगावे की याचा पहिला नमुना हिंगण्याला मुलींच्या शाळेत मातीचा होता.