मेडिकलच्या काउंटरवरची शाळा

चिठ्ठी घ्यायची, कप्प्यातून गोळ्या काढायच्या, बिल करायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मेडिकलमध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्या फार्मासिस्टचे आयुष्य असेच सरते. शिक्षण घेऊनही लोक त्याला दुकानदारच समजतात. मग कामात मन लागावे कसे?

परंतु हाच माणूस एखाद्या विद्यार्थ्याला शेजारी उभे करून शिकवू लागला, की त्याच काउंटरचे रूप पालटते. डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. या काळात फार्मासिस्ट त्याचा गुरुजीच असतो.

एक उदाहरण पाहू. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते. “सर, एकदाच का?” असे विद्यार्थ्याने विचारले, की फार्मासिस्टला नीट समजावून सांगावे लागते, प्रसंगी स्वतः पुस्तक उघडावे लागते. पुढच्या रुग्णाला तो विद्यार्थी गोळीचा वार विचारून, पाकिटावर लिहून देतो. आपल्या शिकविण्याने एक माणूस वाचू शकतो, ही जाणीव फार मोठी आहे. २०१४ पासून ठराविक अँटिबायोटिक व क्षयरोगाच्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीही कंटाळवाणी वाटत नाही. कारण जंतू औषधांना दाद देईनासे होऊ नयेत म्हणून ती आहे, हे विद्यार्थ्याला सांगताना स्वतःलाही नव्याने पटते.

अर्थात सगळीकडे असे घडत नाही. कुठे विद्यार्थ्याला खोकी उचलायला लावतात, कुठे तो न येताच तासांवर सही होते. अशा ठिकाणी विद्यार्थी कोरा राहतो आणि फार्मासिस्टलाही समाधान मिळत नाही. शिकविण्याचा आनंद हा पगाराला पर्याय नव्हे, हेही मालकांनी ध्यानात घ्यावे. गर्दीच्या वेळी जादा माणूस द्यावा, म्हणजे शिकवायला उसंत मिळेल. कॉलेजनेही अधूनमधून दुकानात येऊन चौकशी करावी.

पालकहो, आपल्या मुलामुलींना सही आणायला नव्हे, तर काम शिकायला पाठवा. संध्याकाळी घरी आल्यावर आज काय शिकलास, एवढे जरूर विचारा. उद्या आपल्याच वस्तीतील म्हातारी आजी तिची चिठ्ठी त्यांच्या हाती देणार आहे.